मेंदूपर्यंत पोहोचलेला कोरिओकार्सिनोमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्करोग मेंदूत पसरला आहे, एवढे कानावर पडले की बहुतेक घरांत डॉक्टरांचे पुढचे बोलणे ऐकूच येत नाही. कोरिओकार्सिनोमा या दुर्मिळ कर्करोगाच्या बाबतीत मात्र पुढचे बोलणे ऐकणे फार गरजेचे आहे. मेंदूत पोहोचल्यावरही पूर्ण बरे होण्याची खरी शक्यता ज्यांत असते अशा मोजक्या कर्करोगांपैकी हा एक आहे, आणि ती शक्यता बऱ्याच अंशी निदान किती लवकर होते यावर अवलंबून असते. ही माहिती रुग्णांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि अशा रुग्णाला सर्वांत आधी पाहणाऱ्या गावातल्या डॉक्टरांसाठीही आहे; तिच्या आधारे कोणतेही औषध स्वतःहून सुरू किंवा बंद करू नये.

कोरिओकार्सिनोमा हा नेमका कशाचा कर्करोग आहे?

गर्भ रुजताना त्याच्याभोवती ज्या पेशी असतात आणि ज्यांच्यापासून पुढे वार तयार होते, त्या पेशींचा हा कर्करोग आहे. आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात शिरणे आणि तिच्या रक्तवाहिन्यांपर्यंत वाट काढणे हे या पेशींचे नेहमीचेच काम असते. एरवीच्या गर्भारपणात हे शिरणे एका मर्यादेवर थांबते, कोरिओकार्सिनोमात ते थांबत नाही. साधारण निम्म्या रुग्णांमध्ये तो द्राक्षगर्भानंतर, म्हणजे ज्याला दवाखान्यात मोलार प्रेग्नन्सी म्हणतात आणि ज्यात वारेच्या जागी द्राक्षांच्या घडासारखे फोड वाढतात त्यानंतर होतो. उरलेल्यांत गर्भपातानंतर, क्वचित गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भानंतर, आणि पूर्ण दिवसांच्या अगदी सुरळीत बाळंतपणानंतरही होतो. हा शेवटचा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आल्यावर काही महिन्यांनी, कधी तर काही वर्षांनी उद्भवलेल्या दुखण्याचा संबंध त्या बाळंतपणाशी असेल असे कोणाच्या मनात येत नाही.

हा आजार किती दुर्मिळ आहे?

युरोप आणि उत्तर अमेरिकेत साधारण ४०,००० गर्भारपणांमागे एकीला तो होतो, असे आकडे दिले जातात. आशियातल्या काही भागांतून याहून बरेच जास्त प्रमाण नोंदवले गेले आहे. पूर्ण स्वरूपाच्या द्राक्षगर्भानंतर मात्र साधारण १५ ते २० टक्के स्त्रियांमध्ये या पेशी गर्भाशय रिकामे केल्यानंतरही वाढत राहतात आणि त्यांना औषधोपचार लागतो. यांतल्या बहुसंख्य स्त्रियांचा आजार गर्भाशयापुरता किंवा फुप्फुसांपुरता असतो. आजार गर्भाशयाबाहेर पसरलेल्या रुग्णांपैकी साधारण दहांतल्या एकीच्या मेंदूत तो सापडतो.

गर्भाशयातला आजार थेट मेंदूत कसा जातो?

रक्तातून. गर्भाशयाकडून येणारे रक्त हृदयाच्या उजव्या बाजूतून आधी फुप्फुसांत जाते, त्यामुळे या पेशींचा पहिला मुक्काम बहुतेक वेळा तिथे पडतो, आणि तिथून त्या हृदयाच्या डाव्या बाजूमार्गे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात. म्हणूनच मेंदूत गाठी असलेल्या बहुतेक रुग्णांच्या छातीच्या एक्स-रेत किंवा सीटी स्कॅनमध्येही डाग दिसतात. या गाठींची स्वतःची रक्तवाहिन्यांची वीण कच्ची असते, आणि आजूबाजूच्या रक्तवाहिन्या त्या पोखरतात; त्यामुळे त्यांच्यात रक्तस्राव सहज होतो. पुढची लक्षणे, निदानातल्या चुका आणि उपचारांतली सावधगिरी या सगळ्यांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

कोणती लक्षणे दिसली तर शंका घ्यावी?

सतत वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, फिट येणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, नजर अंधुक होणे किंवा अचानक शुद्ध हरपणे ही मेंदूची लक्षणे होत. गाठीतला रक्तस्राव एकदम मोठा झाला तर आधी काहीही न जाणवता ती बाई कोसळू शकते. पण ही लक्षणे शेकडो इतर कारणांनीही होतात. शंका येते ती त्यांच्या जोडीला असलेल्या गोष्टींमुळे : बाळंतपण, गर्भपात किंवा क्युरेटिंग झाल्यानंतर अंगावरून जाणे थांबत नसेल, पाळी अनियमित झाली असेल किंवा आलीच नसेल, थुंकीतून रक्त पडत असेल, दम लागत असेल, योनिमार्गात निळसर-लाल, हात लावताच रक्त येणारी गाठ असेल. काहींना छातीत धडधड, हात थरथरणे, वजन उतरणे असा थायरॉइड वाढल्यासारखा त्रास होतो, कारण या पेशींतून भरमसाट पाझरणारे एचसीजी हे गर्भारपणातले संप्रेरक थायरॉइड ग्रंथीलाही डिवचते.

निदान चुकते ते नेमके कुठे?

या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देणे भाग आहे, कारण रुग्णाचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. आपल्याकडे खोकला, थुंकीतून रक्त आणि एक्स-रेत डाग असे तिन्ही एकत्र दिसले की टीबीचे निदान होणे स्वाभाविक आहे, कारण टीबी खरोखरच खूप आहे. मग फिट आली आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये गोल गाठी दिसल्या, तर त्याही टीबीच्याच किंवा जंताच्या समजल्या जातात, आणि थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही टीबीच्या गोळ्या सुरू होऊन महिने निघून जातात. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला फिट आली तर रक्तदाबाने येणारे झटके किंवा मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी हे विचार आधी येतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतात. तरुण स्त्रीच्या मेंदूत रक्तस्राव आढळला की रक्तवाहिनीला फुगा आहे का, हे शोधले जाते. यांतला कोणताही विचार मुळात चूक नाही. चूक होते ती बीटा एचसीजीची, म्हणजे त्याच संप्रेरकाची, रक्तचाचणी न केल्याने. मूल होण्याच्या वयातली स्त्री मेंदूतल्या रक्तस्रावाने, कारण न समजलेल्या गाठींनी किंवा फुप्फुसातल्या अनेक डागांनी दाखल झाली, तर ही चाचणी त्याच दिवशी झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ती बहुतेक तालुक्यांच्या लॅबमध्ये होते आणि स्कॅनच्या मानाने तिचा खर्च अगदी थोडा असतो. घरच्यांनीही ती करण्याची विनंती करायला संकोचू नये.

लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे हा आजार नाही, असे समजावे का?

नाही. एचसीजी फार म्हणजे फारच जास्त असेल तर घरगुती पट्टीवरची रसायने त्याने गुदमरतात आणि चाचणी निगेटिव्ह किंवा अगदी पुसट येऊ शकते. शंका असेल तर रक्तातले प्रमाण आकड्यात मोजावे, आणि नमुना पातळ करून मोजायला लॅबला सांगावे. याच्या उलटही घडते : रक्तातल्या काही प्रतिपिंडांमुळे एचसीजी नसतानाही थोडेसे दाखवले जाते. अशा खोट्या निकालात लघवीची चाचणी निगेटिव्ह राहते, म्हणून विनाकारण केमोथेरपी टाळण्यासाठी दोन्ही चाचण्या शेजारी ठेवून पाहिल्या जातात. आणि पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक स्त्रीला कर्करोग नसतो, तिला दिवस गेलेले असू शकतात. त्यामुळे सोनोग्राफी करूनच पुढे जायचे असते.

तुकडा काढून तपासल्याशिवाय कर्करोगाचे निदान कसे काय करतात?

ही शंका जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला येते आणि ती रास्त आहे, कारण इतर बहुतेक कर्करोगांत बायोप्सीशिवाय, म्हणजे तुकडा तपासल्याशिवाय, केमोथेरपी सुरू होत नाही. हा आजार त्याला अपवाद आहे. गर्भारपणाचा पूर्वेतिहास, वाढलेले किंवा वाढत जाणारे बीटा एचसीजी आणि स्कॅनमधले चित्र या तिन्हींचा मेळ बसला की निदान पक्के धरले जाते. तुकडा काढण्याचा धोका मात्र मोठा असतो : योनीतल्या, यकृतातल्या किंवा मेंदूतल्या अशा गाठीला सुई लावली तर आवरता न येणारा रक्तस्राव होऊ शकतो. रक्तस्रावामुळे मेंदूचे ऑपरेशन तातडीने करावेच लागले असेल, तर काढलेला भाग तपासणीला जातोच. तेव्हा पॅथॉलॉजिस्टला रुग्णाच्या अलीकडच्या गर्भारपणाची माहिती आवर्जून द्यावी, कारण नुसत्या रक्ताच्या गुठळीत या पेशी मोजक्याच असतात आणि त्या शोधाव्या लागतात.

मग कोणत्या तपासण्या लागतात?

बीटा एचसीजी, रक्ताचे प्रमाण, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइडच्या चाचण्या, रक्तगट, ओटीपोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे आणि सीटी स्कॅन, पोटाचा स्कॅन आणि मेंदूचा कॉन्ट्रास्टसह एमआरआय. तातडीच्या वेळी मेंदूतला ताजा रक्तस्राव पाहायला साधा सीटी स्कॅन पुरतो आणि तो लवकर होतो, पण लहान गाठी एमआरआयमध्येच नीट दिसतात. फुप्फुसांत आजार असेल तर डोके दुखत नसले तरी मेंदूचा एमआरआय करून घ्यावा. एमआरआयने उलगडा झाला नाही तर काही केंद्रांत पाठीच्या मणक्यातून पाणी काढून त्यातले एचसीजी रक्तातल्या एचसीजीशी ताडून पाहतात. पाण्यातले प्रमाण रक्तातल्या प्रमाणाच्या साठाव्या भागाहून जास्त भरले तर मेंदूत आजार असल्याची शंका बळावते. मेंदूवर दाब वाढलेला असताना मात्र हे पाणी काढणे धोक्याचे असते, म्हणून स्कॅन आधी आणि पाणी नंतर हा क्रम बदलता येत नाही.

रिपोर्टवर चौथा टप्पा लिहिला आहे. म्हणजे आता काही उरले नाही का?

असे मुळीच नाही. चौथा टप्पा याचा अर्थ एवढाच, की आजार गर्भाशय, ओटीपोट आणि फुप्फुसे यांच्या पलीकडे गेला आहे. फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगात हेच शब्द जे सांगतात ते इथे सांगत नाहीत. या आजारात टप्प्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक उपयोगी असतो तो जोखमीचा गुणांक. वय, आधीचे गर्भारपण कोणत्या प्रकारचे होते, त्याला किती महिने झाले, एचसीजी किती आहे, सर्वांत मोठी गाठ केवढी, गाठी कुठे आणि किती, आधी कोणती केमोथेरपी निष्फळ ठरली, या सगळ्यांना गुण देऊन बेरीज करतात. ६ पर्यंत बेरीज म्हणजे कमी जोखीम, ७ किंवा अधिक म्हणजे जास्त जोखीम, आणि १३ किंवा त्याहून जास्त असेल तर अतिजोखीम. मेंदूतल्या गाठींचे एकट्याचेच ४ गुण धरले जातात. कमी जोखमीच्या जवळजवळ सर्व स्त्रिया बऱ्या होतात. मेंदूत आजार असलेल्यांमध्ये अनुभवी केंद्रांतून निम्म्याहून बऱ्याच अधिक स्त्रिया बऱ्या झाल्याचे नोंदवले गेले आहे. पहिल्याच भेटीत मेंदूतला आजार सापडणे हे उपचार चालू असताना तो नव्याने उद्भवण्यापेक्षा चांगले मानले जाते. जे मृत्यू होतात, त्यांतले बरेच पहिल्या काही आठवड्यांत रक्तस्रावाने होतात, आणि म्हणून या आजारात एक-एक दिवस मोलाचा असतो.

पहिल्या काही दिवसांत काय केले जाते?

मेंदूची सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि फिट आली असल्यास ती थांबवणारे औषध सुरू होते. फेनिटॉइनसारखी काही जुनी औषधे यकृताला केमोथेरपीची औषधे लवकर मोडायला लावतात, त्यामुळे लेव्हेटिरासिटाम अधिक पसंत केले जाते. आजार फार पसरलेला असेल तर पूर्ण ताकदीची केमोथेरपी एकदम दिल्याने गाठी वेगाने कोसळून रक्तस्राव होऊ शकतो; म्हणून आधी एक ते तीन आठवडे इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन यांचा हलका डोस देतात. "एवढा मोठा आजार असताना एवढेसे औषध का?" असे घरच्यांना वाटते, पण हा हलका आरंभ जाणूनबुजून केलेला असतो आणि त्याने सुरुवातीचे मृत्यू कमी झालेले आहेत.

मुख्य केमोथेरपी कोणती असते?

जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीला पाच औषधांच्या आद्याक्षरांवरून एमा-को म्हणतात : इटोपोसाइड, मेथोट्रेक्सेट, ॲक्टिनोमायसिन-डी, सायक्लोफॉस्फामाइड आणि व्हिन्क्रिस्टिन (याचेच दुसरे नाव ऑन्कोव्हिन). ती लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात विकसित झाली. पहिल्या दोन दिवशी पहिली तीन औषधे, आठव्या दिवशी उरलेली दोन, आणि पंधराव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, असे दोन आठवड्यांचे चक्र चालते. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये शरीराने जी गाळणी ठेवलेली आहे तिच्यातून नेहमीच्या डोसातले मेथोट्रेक्सेट पुरेसे पलीकडे जात नाही, त्यामुळे मेंदूत आजार असेल तर त्याचा डोस शरीराच्या दर चौरस मीटरमागे ३०० मिलिग्रॅमवरून १,००० मिलिग्रॅमपर्यंत वाढवून तो २४ तासांत सलाईनमधून देतात. त्यानंतर ठरलेल्या वेळेला फोलिनिक ॲसिड सुरू होते, जे निरोगी पेशींना मेथोट्रेक्सेटपासून वाचवते. फोलिनिक ॲसिडची एकही वेळ चुकवू नये. रात्री तीन वाजताची गोळी असेल तर गजर लावून उठवावे.

पाठीतून औषध आणि डोक्याला रेडिएशन लागतेच का?

यावर तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. काही केंद्रे मणक्यातून १२.५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट देतात, काही फक्त शिरेतल्या वाढीव डोसावर भिस्त ठेवतात. संपूर्ण मेंदूला किरणोपचार देऊनही रुग्ण बरे झालेले आहेत. मात्र जास्त डोसाचे मेथोट्रेक्सेट आणि संपूर्ण मेंदूचे रेडिएशन यांची जोडी पुढे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती यांना बाधक ठरू शकते, आणि या स्त्रियांसमोर बहुधा तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य असते, हे विसरून चालत नाही. त्यामुळे केमोथेरपीनंतर उरलेल्या एखाददुसऱ्या गाठीवरच अचूक नेम धरून किरण देण्याकडे आता अनेकांचा कल आहे. निर्णय काहीही असो, "आमच्या रुग्णासाठी हे का निवडले?" असे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

मेंदूचे ऑपरेशन केव्हा करतात? गर्भाशय काढून टाकले तर आजार संपेल का?

रक्तस्रावामुळे मेंदूवरचा दाब जिवावर बेतू लागला, तर कवटी उघडून गुठळी काढणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग असतो, आणि तो लगेच करावा लागतो. त्यानंतर रुग्ण सावरताच केमोथेरपी सुरू व्हायला हवी. नुसत्या ऑपरेशनवर हा आजार बरा होत नाही, कारण पेशी रक्तातून सगळीकडे गेलेल्या असतात. याच कारणाने गर्भाशय काढल्याने मेंदूतला आजार जात नाही. आवरत नसलेला रक्तस्राव किंवा औषधांना दाद न देणारी गाठ असेल तेव्हाच ते काढण्याचा विचार होतो.

केमोथेरपीने हा आजार बरा होतो, हे इतक्या खात्रीने कसे सांगतात?

कारण गर्भाशयाबाहेर पसरलेली घन गाठ फक्त औषधांनी बरी होते, हे वैद्यकाला सर्वप्रथम याच आजाराने दाखवले. १९५६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी कोरिओकार्सिनोमावर मेथोट्रेक्सेटच्या यशाची नोंद प्रसिद्ध केली. गाठी दिसेनाशा झाल्यानंतरही एचसीजी पूर्ण उतरेपर्यंत औषध चालूच ठेवायचे, हा ली यांचा आग्रह होता. बरे दिसणाऱ्या रुग्णाला विषारी औषध का द्यायचे, असा तेव्हा आक्षेप होता आणि ली यांना ती संस्था सोडावी लागली. पुढे १९७२ साली दोघांनाही लास्कर पुरस्कार हा अमेरिकेतला वैद्यकातला मानाचा पुरस्कार मिळाला. आज जगभर त्यांचाच नियम पाळला जातो. मेथोट्रेक्सेट ज्या फोलिक ॲसिडविरोधी औषधांच्या कुळातले आहे, ते कूळ अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत आंध्रातल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली जन्माला आले. हे यश पाहायला ते हयात नव्हते. १९४८ सालीच त्यांचे निधन झाले होते.

उपचार चालू असताना घरी काय सांभाळावे?

ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना जंतुसंसर्ग काही तासांत अंगभर पसरतो, म्हणून थेट रुग्णालय गाठावे. तोंड येणे, उलट्या, केस गळणे, बोटांना मुंग्या येणे हे त्रास अपेक्षित आहेत आणि त्यांवर उपाय आहेत. मेथोट्रेक्सेटच्या दिवसांत ब्रुफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या, ॲस्पिरिन आणि सेप्ट्रान टाळावे लागतात, कारण त्यांनी हे औषध शरीरातून बाहेर पडायला उशीर होतो. पित्ताच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. जवळच्या मेडिकलमधून कोणतीही गोळी आणण्यापूर्वी केमोथेरपीची फाइल दाखवावी, आणि काढे, चूर्णे, भस्मे या काळात अजिबात देऊ नयेत. फोलिक ॲसिडच्या गोळ्या, ज्या बाळंतिणीला सर्रास दिल्या जातात, त्याही सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

आजार हटतो आहे की नाही, हे कसे कळते?

दर आठवड्याच्या बीटा एचसीजीवरून. त्यातही एकेकट्या आकड्यापेक्षा आकड्यांचा उतार महत्त्वाचा असतो, म्हणून शक्यतो एकाच लॅबमधून तपासणी करावी. एचसीजी सामान्य झाले म्हणजे उपचार संपत नाहीत : मोजता येणार नाहीत इतक्या थोड्या पेशी अजून शिल्लक असू शकतात. त्यामुळे मेंदूत किंवा यकृतात आजार असलेल्यांना एचसीजी सामान्य झाल्यापासून साधारण ८ आठवडे केमोथेरपी पुढे चालू ठेवतात. "रिपोर्ट नॉर्मल आला, आता कशाला?" म्हणून इथे उपचार सोडणे हे आजार उलटण्याचे टाळता येण्याजोगे कारण आहे. एमआरआयमध्ये जुन्या रक्ताचा डाग पुढे बराच काळ दिसत राहतो. एचसीजी सामान्य असेल तर त्या डागाला घाबरू नये.

एचसीजी उतरायचे थांबले किंवा पुन्हा वाढले तर?

तर औषधे बदलतात. सिस्प्लॅटिन असलेल्या पद्धती, टॅक्सॉल असलेल्या पद्धती आणि क्वचित एकट्या उरलेल्या गाठीची शस्त्रक्रिया, असे मार्ग असतात. अलीकडच्या काळात पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या इम्युनोथेरपीने, आधीच्या अनेक औषधांना न जुमानणारा आजारही काही स्त्रियांमध्ये पूर्ण गेला आहे. गर्भापासून उद्भवलेल्या या गाठीत वडिलांकडून आलेली जनुकेही असतात, त्यामुळे आईच्या प्रतिकारशक्तीला ती परकी म्हणून ओळखता येऊ शकते. इम्युनोथेरपी उपयोगी पडते त्याचे हे एक कारण मानले जाते. औषध महाग आहे, पण पर्याय संपले असे म्हणण्याआधी त्याची चौकशी झालीच पाहिजे.

पुढे मूल होऊ शकते का?

होय, आणि पुष्कळ स्त्रियांना झालेले आहे. उपचार संपल्यानंतर किमान १ वर्ष दिवस राहू न देण्याचा सल्ला देतात, मुख्यतः यासाठी की आजार उलटण्याची शक्यता पहिल्या वर्षात सर्वाधिक असते आणि नव्या गर्भारपणात एचसीजी वाढले तर ते कशामुळे, हे ओळखता येत नाही. पुढच्या वेळी सुरुवातीलाच सोनोग्राफी करावी आणि बाळंतपणानंतर साधारण ६ आठवड्यांनी एचसीजी तपासावे. एमा-को घेतलेल्या स्त्रियांची पाळी इतरांपेक्षा काहीशी लवकर जाते, त्यामुळे वय जास्त असेल तर हा विषय डॉक्टरांशी आधीच बोलावा.

आई अंगावर पाजत असेल तर बाळाचे काय?

केमोथेरपी सुरू होताच अंगावर पाजणे बंद करावे लागते. कर्करोग दुधातून बाळाला लागत नाही. अत्यंत क्वचित मात्र वारेतला आजार बाळातही गेलेला असतो, म्हणून पूर्ण दिवसांच्या बाळंतपणानंतर निदान झाले असेल तर बाळाचेही एचसीजी एकदा तपासून घ्यावे.

हा आजार कोणाच्या चुकीमुळे होतो का?

नाही. बाळंतपणात आराम केला नाही, पथ्य पाळले नाही, गर्भपात करवून घेतला, यांतल्या कशामुळेही हा कर्करोग होत नाही. द्राक्षगर्भ हा गर्भधारणेच्या क्षणीच जनुकांची मांडणी बिघडल्याने होतो आणि तो कोणाच्याही हातात नसतो. सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांनी हे विशेषकरून समजून घ्यावे, कारण डोक्यावरचे केस गेलेल्या, तान्ह्या बाळापासून दूर राहिलेल्या त्या मुलीला या काळात बोल ऐकून घेण्याची ताकद नसते.

पुरुषांना हा कर्करोग होतो का?

गर्भारपणाशी संबंध नसलेला कोरिओकार्सिनोमा वृषणात होऊ शकतो, तोही एचसीजी वाढवतो आणि मेंदूत पसरू शकतो. त्याचे उपचार वेगळे असतात आणि सिस्प्लॅटिन हा त्यांचा पाया असतो. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याला १९९६ साली वृषणाचा कर्करोग झाला तेव्हा तो फुप्फुसे आणि मेंदूपर्यंत गेलेला होता. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीनंतर तो बरा झाला. तरुण मुलाच्या मेंदूत किंवा फुप्फुसात गाठी आढळल्या तर वृषणांची तपासणी आणि सोनोग्राफी लाजेखातर टाळू नये.

मेंदूत पसरणारे इतर दुर्मिळ कर्करोगही असेच बरे होतात का?

दुर्दैवाने, बहुतेक नाही. स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींचे काही कर्करोग (सार्कोमा) किंवा त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग (मेलॅनोमा) मेंदूत गेल्यावर केमोथेरपीला असा प्रतिसाद देत नाहीत. त्यांत शस्त्रक्रिया, नेमके किरणोपचार, आणि मेलॅनोमात इम्युनोथेरपी यांवर भर असतो. वारेच्या पेशींच्याच एका दुर्मिळ प्रकारात एचसीजी थोडेच वाढते आणि केमोथेरपीचा परिणामही कमी होतो. म्हणूनच मेंदूतल्या गाठीचे मूळ कुठे आहे हे शोधल्याशिवाय सरसकट उपचार ठरवता येत नाहीत.

उपचार कुठे घ्यावेत आणि खर्चाचे काय?

जिथे कर्करोगतज्ज्ञ, स्त्रीरोग-कर्करोगतज्ज्ञ, न्यूरोसर्जन आणि अतिदक्षता विभाग एकाच छताखाली आहेत, अशा ठिकाणी. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय हे सर्वांना माहीत आहे. त्याच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये देशभरातली अनेक रुग्णालये जोडलेली आहेत, त्यामुळे जवळच्या केंद्रात उपचार घेऊन अनुभवी तज्ज्ञांचे मत मागवता येते. रुग्ण बेशुद्ध असेल तर मुंबईचा प्रवास करण्यापेक्षा जवळच्या न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात तिला आधी स्थिर करणे शहाणपणाचे. खर्चासाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, जिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, तर गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. दोन्हींची चौकशी दाखल होतानाच समाजसेवा विभागात करावी. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी लंडन, शेफील्ड आणि डंडी इथे या आजाराची खास केंद्रे आहेत आणि तिथे द्राक्षगर्भ झालेल्या स्त्रियांची नोंदणी १९७३ पासून होते.

कोणते कागद कायम जपून ठेवावेत?

आधीच्या प्रत्येक बाळंतपणाचे, गर्भपाताचे आणि क्युरेटिंगचे कागद, त्यात पाठवलेल्या तुकड्याचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, तारखेनुसार लावलेले एचसीजीचे सर्व आकडे, मेंदूच्या स्कॅनच्या सीडी आणि केमोथेरपीच्या प्रत्येक चक्राची नोंद. क्युरेटिंगनंतर पिशवीतला भाग तपासणीला पाठवला होता की नाही, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले नसेल तर ते त्याच दिवशी विचारून लिहून घ्यावे. उपचार पूर्ण झाल्यावर पहिले वर्षभर दर महिन्याच्या एचसीजीची तारीख पाळावी, आणि पुढे कधीही, कितीही वर्षांनी, कोणत्याही दुखण्यासाठी नव्या डॉक्टरांकडे गेल्यास ही फाइल सोबत न्यावी.